घर नऊ दिवसांसाठी दिलंय

ती. आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहितेय. फेब्रुवारीत आपलं घर नऊ दिवस सिनेमाच्या शूटिंगला द्यायचं मी कबूल करून बसलेय. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, चुकलं माझं. पण तारखा त्याच दिवशी पक्क्या करायच्या होत्या, आणि शहाबादी फरशीचं, माळवदाचं, अजून कुणी टाइल्स न घातलेलं घर त्यांना सोलापुरात दुसरं सापडत नव्हतं. घर बाबांच्या नावावर आहे, तेव्हा करारावर सही बाबांचीच लागेल. चष्मा लावून, पूर्ण वाचून मगच करा.

सिनेमा हिंदी आहे आणि दिग्दर्शिका पोर्तुगालची. हिंदी न येणारी बाई हिंदी सिनेमा काय करणार, असं बाबा म्हणणारच. बाबा, तुमच्या अशोककुमारांचा १९३६ सालचा ‘अछूत कन्या’ फ्रान्झ ऑस्टेन या जर्मन माणसाने केला होता, आणि त्यालाही हिंदी येत नव्हतं. असे सिनेमे पुढेही होत राहिले, फक्त त्यांना आपलं म्हणणारं कुणी नसतं. लंडनच्या आसिफ कपाडियांचा २००१ चा ‘द वॉरियर’ ब्रिटनने ऑस्करला धाडला, तर हिंदी ही ब्रिटनची भाषा नाही म्हणून तो घेतलाच नाही. नंतर नियम बदलला, आणि २०२४ साली ब्रिटनने संध्या सुरींचा हिंदी ‘संतोष’ पाठवला.

आपल्या या सिनेमात विडी वळणाऱ्या एका बाईची गोष्ट आहे. संवाद आपल्या पूर्वभागात बोलतात त्या हिंदीत आहेत. पटकथेच्या प्रत्येक पानावर तीन रकाने असतात: दिग्दर्शिकेची भाषा, देवनागरीतली हिंदी आणि शब्दाला शब्द अर्थ. सेटवर एक माणूस कानाला हेडफोन लावून फक्त शब्द ऐकतो, कारण चेहरा सुरेख लागला की दिग्दर्शिका टेक ओके करते आणि गिळलेला शब्द तिला कळत नाही. खरा घोटाळा पुढे एडिटिंगला होतो. आपल्या भाषांत क्रियापद शेवटी येतं, आणि नकार कधीकधी त्याच्याही मागून. ‘मैं जाऊंगी नहीं’ मधल्या ‘जाऊंगी’वर कापलं की अर्थच उलटा होतो. म्हणून एडिटरशेजारी हिंदी जाणणारा माणूस बसवायचा हे आधीच ठरलंय.

आवाज जागेवरच रेकॉर्ड होणार, मागून डबिंग नाही. पैसे कमी असताना हे करणं अवघड, पण माणसाचा श्वास त्यातच येतो. त्यासाठी घरातले पंखे, फ्रिज, पंप सगळं बंद राहील. मागच्या गल्लीतले माग चालू असतील तेव्हा न बोलायचे प्रसंग घ्यायचे आणि माग थांबले की संवाद. फरशी आणि उंच छत यांमुळे सोप्यात आवाज घुमतो. त्यावर उपाय म्हणजे जाड चादरी, भिंतीपासून चार बोटं सोडून टांगलेल्या. अगदी भिंतीला चिकटवल्या तर निम्मा उपयोग जातो. बाहेरून भाड्याने ब्लँकेटं आणण्यापेक्षा मी आपल्या सोलापुरी चादरी सांगितल्यात. आई, तुझ्या ट्रंकेतली ती निळी मोराची मात्र देऊ नकोस. ती माझी आहे. तिच्यात डोकं खुपसल्याशिवाय मला अजून नीट झोप लागत नाही.

तुमची सोय जुळे सोलापुरात केलीय. फ्लॅट तळमजल्यावर आहे, कमोड आहे, बाथरूममध्ये धरायला दांडी परवा बसवून घेतली. आईच्या गुडघ्यांना एकही पायरी नाही. पंखा आहे, कुलर आहे, गॅस जोडलेला आहे. दूध सकाळी सहाला दारात येईल. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरूनच न्या, तिथल्या शेजारची बाई रोज चार ताज्या भाकरी करून देईल. बाबांना सिद्धेश्वराला न्यायला रोज साडेसहाला रिक्षा येईल, भाडं मी देऊन ठेवलंय, त्याच्याशी घासाघीस करू नका. ती तुमची नेहमीची पायवाट नव्हे हे मला कळतं. पण इथे भर दुपारी पंखा बंद करून, चाळीस वायरी ओलांडत तुम्हाला बसवणं मला झेपणार नाही, आणि बाबांच्या बीपीला तर नाहीच.

आता ऐका. गोळ्या अकरा दिवसांच्या घ्या, नऊच्या नव्हे. दागिने आणि घराची कागदपत्रं लॉकरमध्ये ठेवा. निघण्याआधी प्रत्येक कपाट, प्रत्येक भिंत मोबाइलवर टिपा. सामान जागच्या जागी लावून घ्यायला आणि नुकसान मोजायला तेच लागतं. अनामत ५० हजार खात्यात आल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. भिंतीला चिकटपट्टी नको, डिस्टेंपर पापुद्र्यासकट निघतो. हे करारात लिहून घेतलंय. लाइट आपल्या मीटरवर नाही, जनरेटर कोपऱ्यापलीकडे उभा राहील. पाणी टँकरचं, आपल्या हौदाला कुणी हात लावणार नाही. देवघराला कुलूप. बाबा, भिंतीवरचं घड्याळ तुम्हीच लंबक काढून ठेवा आणि परत आल्यावर काटे पुढेच फिरवा, मागे नेले तर टोल चुकतात. फ्रिज रिकामा करा. तो पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून आवाजवाले गाडीची किल्लीच फ्रिजमध्ये ठेवतात, तेव्हा आत किल्ली दिसली तर काढू नका.

आई, त्या दिग्दर्शिकाबाईंना मुक्कामाचा आग्रह करू नकोस. ती फिल्म व्हिसावर आलीय, केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाची परवानगी आहे, सगळं रीतसर आहे. पण परदेशी पाहुणा रात्री घरी ठेवला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. जेवायला बोलाव, पुरणपोळी घाल.

नवव्या दिवशी संध्याकाळी तुम्ही दोघं या. काम संपल्यावर प्रत्येक खोलीत सगळे मिनिटभर गप्प उभे राहतात आणि त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करतात. एडिटिंगमध्ये संवादांमधल्या फटी तिनेच भरतात. माईआजीच्या खोलीची घेताना तुम्ही तिथे असावं असं मला फार वाटतं. आई, त्या मिनिटापुरत्या बांगड्या वर सरकव.

तुमची,
चिमी