चव्हाणसाहेब, माझ्या फीबद्दल आभार

आदरणीय यशवंतराव चव्हाणसाहेब,

आपली भेट कधी झाली नाही. तुम्ही दिल्लीत २५ नोव्हेंबर १९८४ ला देह ठेवलात, तेव्हा मला सनद मिळून सहा वर्षं झाली होती. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात वकिली करत होते. रेडिओवर बातमी आली आणि त्या रात्री आमच्या घरी चूल पेटली नाही. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ओट्यावर बसून राहिले. त्यांना लिहिता येत असतं तर हे पत्र तेव्हाच गेलं असतं. आता मी बहात्तर वर्षांची आहे. राहून जायला नको म्हणून लिहिते आहे.

आभार मानायचे आहेत ते फीबद्दल.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. १९६६ साली मी सातवी पास झाले. आठवीचं हायस्कूल सहा मैलांवर होतं आणि चालायची माझी तयारी होती. फीचं काय करायचं, हे मात्र घरात कुणाला माहीत नव्हतं. जमीन अडीच एकर, सगळी जिराईत. पाऊस झाला तर बाजरी, नाहीतर नुसतं आभाळाकडे बघणं. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. महिन्याची फी म्हणजे तिची चार-पाच दिवसांची मजुरी. मी घरी राहायचं, हे जवळजवळ ठरलं होतं. कुणी दुष्टपणे ठरवलं नव्हतं, ते आपोआप ठरत चाललं होतं.

एक दिवस हायस्कूलचे हेडमास्तर सायकलवरून घरी आले. दादांना म्हणाले, "पोरीचं नाव घालायचं. फी माफ आहे, चव्हाणसाहेबांनी केलीय." दादांना वाटलं, गुरुजी आपल्या पदरचे पैसे भरणार आहेत आणि आपल्याला लाज वाटू नये म्हणून तुमचं नाव सांगतायत. मग गुरुजींनी पिशवीतून फॉर्म काढला. पालकाचं वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असेल तर मुलाची फी माफ. आधी ही मर्यादा नऊशे होती, ती तुम्ही मुख्यमंत्री असताना वाढवलीत. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला आणायचा, अर्ज भरायचा, सही करायची. दादांनी अंगठा उठवला. कागदावर त्या योजनेचं नाव आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची सवलत, शाळेत ई.बी.सी., आणि आमच्या गावात 'इबीशी'. "पोर इबीशीवर शिकती" असं आई बाजारात सांगायची, तेव्हा तिच्या आवाजात अभिमान असायचा.

नापास झालं की सवलत जाईल, या धास्तीनं मी बी.ए.पर्यंत एकदाही नापास झाले नाही.

पुढं वकील झाल्यावर शेकडो कायदे, नियम, परिपत्रकं वाचली, आणि तेव्हा तुमच्या त्या निर्णयाची खरी किंमत कळली. अटी जितक्या जास्त, तितकी गरिबाला अडवायची दारं जास्त, हे कोर्टात रोज दिसतं. चांगल्या हेतूची योजना सातव्या पोटकलमापाशी येऊन बसते आणि तिथून उठतच नाही. तुम्ही मुख्य अट एकच ठेवलीत, ती म्हणजे घरात पैसा किती. ती अट तलाठ्याला कळत होती, हेडमास्तरांना कळत होती, अंगठा उठवणाऱ्या दादांनाही कळत होती. तिजोरीला हे झेपणार नाही, असं म्हणणारे तेव्हाही असणारच. तुम्ही मराठी-गुजराती अशा द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होतात, राज्य टिकतं की मोडतं ही चिंता रोज उशाशी होती, आणि तरी हे काम तुम्ही उद्यावर टाकलं नाहीत.

ते का, याचं उत्तर मला तुमच्या घरात सापडतं. १९१३ साली तुम्ही देवराष्ट्राला, आजोळी जन्मलात. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ. तुम्ही चार-पाच वर्षांचे असताना प्लेगनं ते गेले आणि विठाईंनी लेकरं वाढवली. माझ्या कोर्टातला बेलिफ समन्सची पिशवी खांद्याला लावून उन्हात निघतो, तेव्हा मला दर वेळी बळवंतराव आठवतात. कोर्टाच्या उतरंडीत तो खालच्या पायरीवरचा माणूस, पण कुणाच्या घरात काय शिल्लक आहे हे त्याला न्यायाधीशापेक्षा जास्त माहीत असतं. जप्ती घेऊन तोच दारात उभा राहतो ना! फी भरायची तारीख म्हणजे काय, हे अशा घरातल्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही.

कराडच्या टिळक हायस्कूलमधून तुम्ही निघालात ते मधेच तुरुंगात गेलात. १९३२ साली तिरंगा लावला म्हणून अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर १९३४ ला मॅट्रिक. मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, मग पुण्यात कायदा. १९४१ ला एलएल.बी. होऊन कराडात वकिली सुरू केलीत. ही वकिली किती दिवसांची? जेमतेम वर्षाची. जून १९४२ मध्ये वेणूताईंशी लग्न झालं, ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक आली आणि तुम्ही भूमिगत झालात. त्या सप्टेंबरात आमच्या शेजारच्या वडूजला मामलेदार कचेरीवरच्या मोर्चावर गोळीबार झाला. माझे आजोबा त्या मोर्चात होते. म्हणजे तुमचं-आमचं नातं फॉर्मच्याही आधीचं आहे. तिकडे तुमच्यापायी वेणूताईंना तुरुंगात जावं लागलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्यांचेही आभार याच पत्रात मानते.

सगळंच गोड होतं असं लिहिलं तर पत्र खोटं ठरेल. माझे मामा संयुक्त महाराष्ट्रवाले. नेहरू की संयुक्त महाराष्ट्र असा प्रश्न आला तर मी नेहरूंच्या बाजूनं, असं तुम्ही बोललात, ते त्यांनी मरेपर्यंत मनात ठेवलं. १९५७ च्या निवडणुकीत आमच्या भागानं काँग्रेसला धडा शिकवला आणि तुम्ही स्वतः कराडात थोडक्यात निवडून आलात. पण तुम्ही तो राग ऐकलात, दिल्लीला ऐकवलात, आणि १ मे १९६० ला मराठी माणसाचं राज्य झालं. मामा त्या दिवशी रडले होते, असं आई सांगायची. मला स्वतःला सलतं ते आणीबाणीतलं तुमचं मौन. वकील म्हणून सलतं. तुमच्यावर माया आहे म्हणूनच ते तुम्हालाच सांगते.

माझ्या बाकावर बौद्धवाड्यातली एक मैत्रीण बसायची. धर्मांतरानंतर तिच्या घरच्यांच्या सवलती जायची वेळ आली होती. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्या तुम्ही चालू ठेवल्यात. त्याआधी १९५८ मध्ये महार वतनं रद्द करणारा कायदा तुमच्याच कारकिर्दीत झाला. पिढ्यान्‌पिढ्यांची वेठबिगारी एका कायद्यानं संपते, हे मी लॉ कॉलेजात शिकले, पण तिच्या आजोबांच्या तोंडून आधीच ऐकलं होतं. आम्ही दोघी शिकलो ते वेगवेगळ्या फॉर्मवर, पण दोन्ही फॉर्म एकाच माणसाच्या राज्यातले. मी कोल्हापूरला कायदा शिकले तेही १९६२ ला सुरू झालेल्या शिवाजी विद्यापीठात, आणि त्यालाही तुमचाच हातभार होता.

त्याच वर्षी चीननं हल्ला केला आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. तुम्ही संरक्षणमंत्री झालात. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र, विरोधी पक्षनेतेपद, थोड्या काळासाठी उपपंतप्रधानपदही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला त्यातली शेवटची जबाबदारी जवळची वाटते, आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद. केंद्राच्या पैशातला कुठल्या राज्याला किती द्यायचा, हे ठरवायचं काम. ज्या मुलाच्या घरी फीची चणचण होती, त्यानं म्हातारपणी सगळ्या देशाच्या वाटण्या लिहिल्या.

दरवर्षी २५ नोव्हेंबरला मी कराडला प्रीतिसंगमावर तुमच्या समाधीपाशी येते. कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन मिळतात, तिथं घटकाभर बसते आणि परत फिरते. यंदा एक कागद बरोबर आणणार आहे. दादांच्या ट्रंकेत १९६६ चा तो उत्पन्नाचा दाखला सापडला. घडीवर फाटलाय, शाई उडालीय, पण तलाठ्याचा शिक्का दिसतो. ठेवून येणार नाही हं, तुम्हाला दाखवून परत घेऊन जाईन. माझ्या नातीला तो हवा आहे. ती पुण्यात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

आपली,
माण तालुक्यातली एक वकील