वाईन द्राक्षाचा मान कोणाला? कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : नाशिकची वाईन उभी करणाऱ्यांचा राज्यस्तरीय सन्मान, त्याचे निकष आणि पद्धत.

मा. मंत्रिमहोदय,

कृषिरत्न, कृषिभूषण, जिजामाता कृषिभूषण, उद्यानपंडित, शेतीमित्र अशी राज्याच्या कृषी पुरस्कारांची यादी लांबलचक आहे. वाईनच्या द्राक्षासाठी त्यात वेगळी जागा नाही. 2001 सालच्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाला पाव शतक होत आले. त्या धोरणातून निफाड तालुक्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क आले, ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळाले. ही वाईन ज्यांच्या हातांनी घडली, त्यांचा सन्मान सरकारने करावा, अशी आमची मागणी आहे. पण तो चुकीच्या निकषांवर झाला तर न झालेला बरा, म्हणून हे सविस्तर पत्र.

पहिली भीती टनांची. आपल्याकडे शेतीतला पराक्रम एकरी उताऱ्यावर मोजतात. वाईनच्या बागेत तो हिशेब उलटा लागतो. आठ बाय चार फुटांवर एकरी साधारण 1360 वेली बसतात. चांगल्या तांबड्या वाईनसाठी एकरी चार टनांच्या आसपास माल धरला, तर वेलीला तीन किलोदेखील येत नाही. त्याच वेलीवर आठ टन काढता येतात. मणी दिसायलाही बरे दिसतात. पण साखर 23-24 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) पोचायला जास्त दिवस लागतात, तोवर मार्चचे ऊन चढते, मॅलिक आम्ल जळून जाते, सामू (पीएच) 3.8 च्या वर सरकतो. असा रस टाकीत आला की वाईन बेचव होते, रंग टिकत नाही आणि सल्फर डायऑक्साइड वाढवूनही जिवाणूंचा बंदोबस्त धड होत नाही. मण्यांत पाणी उतरताना आणि रंग भरताना मागे राहिलेले घड जो बागायतदार स्वतः कापून खाली टाकतो, तो आमच्या लेखी उद्यानपंडित. पीक स्पर्धेत त्याचा शेवटचा नंबर लागेल.

दुसरी भीती ब्रँडची. सन्मान म्हटला की बाटलीवरचे नाव आधी डोळ्यांसमोर येते. राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिकला सॉव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाईनच्या जाती लावून दाखवल्या, 2000 साली त्यांच्या ‘सुला’ वायनरीची (वाईनच्या कारखान्याची) पहिली वाईन बाजारात आली आणि खाण्याच्या द्राक्षाच्या जिल्ह्यात वेगळीच वाट पडली. हे श्रेय त्यांचे आहे, ते कोणी नाकारत नाही. पण त्यांना देशभर मान मिळून चुकला आहे. आणखी एका शालीने फरक पडणार नाही. नाशिकला वाईन करायची तर वर्षाचे गणित कसे मांडायचे, हे बांधावर शिकलेल्या माणसांना मात्र कोणी विचारत नाही.

ते गणित थोडक्यात सांगतो, कारण निकष त्यातूनच निघतात. युरोपात वेल थंडीत झोपते आणि उन्हाळ्यात पिकते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून वर्षात दोन छाटण्या : एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. वाईनच्या बागेत गोडी छाटणीची तारीख हाच सगळा जुगार आहे. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कात्री लावली तर कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते आणि डाऊनी (केवडा रोग) घड जिरवून टाकतो. ऑक्टोबरच्या मध्यापुढे गेलात तर शिराझ, कॅबर्नेसारख्या साडेचार-पाच महिने घेणाऱ्या जाती मार्चच्या कडक उन्हात पिकतात आणि आम्ल हातचे जाते. नाशिकची डिसेंबर-जानेवारीची थंड रात्र मण्याच्या वाढीत नेमकी कुठे बसवायची, हे कोणत्याही परदेशी पुस्तकात नव्हते. पहिल्या दहा वर्षांत ज्यांनी गटागटाने छाटणीच्या तारखा बदलून पाहिल्या आणि वहीत लिहून ठेवल्या, त्यांच्या वह्या आजही बाटल्यांवरच्या पदकांपेक्षा मोलाच्या आहेत.

खुंटाचेही तसेच. खुंट म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर हव्या त्या जातीचे कलम बांधतात तो. खाण्याच्या द्राक्षाला दुष्काळ आणि क्षारपड जमिनीत डॉगरिज खुंटाने तारले, म्हणून वाईनलाही तोच लावला गेला. डॉगरिजवर वेल माजते. पानांची दाटी होते, घडावर सावली पडते, भुरी आत शिरते आणि सॉव्हिन्यॉनला कच्च्या ढोबळी मिरचीचा वास राहतो. 110 आर या खुंटावर वाढ आवरती राहते. हा बदल रोपवाटिकेतल्या कलम बांधणाऱ्यांनी आणि नुकसान सोसून पुन्हा लागण करणाऱ्या शेतकऱ्यांनी केला. कलम बांधणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून शेतकऱ्यांसाठीच्या पुरस्कारांत तो बसत नाही.

छाटणीच्या टोळ्यांकडेही पाहा. पेठ, सुरगाण्याच्या पट्ट्यातून दिंडोरी-निफाडला येणारी ही माणसे. काडी तपासणीच्या अहवालात फळधारक डोळा, म्हणजे घड देणारा कोंब, चौथा असेल तर चौथ्यावरच कात्री पडली पाहिजे. तिसऱ्यावर पडली तर घडाऐवजी नुसती फूट निघते आणि वर्ष वाया जाते. हजार-बाराशे वेलींवर हा निर्णय प्रत्येक काडीला वेगळा घ्यायचा असतो. छाटणीनंतर एक-दोन दिवसांत, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून, काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात; याला पेस्टिंग म्हणतात. हे औषध विषारी आहे. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या हव्यातच. शिवाय हाताळण्याच्या आदल्या दिवसापासून पुढचे काही दिवस दारूचा थेंबही चालत नाही, कारण दोन्ही मिळून अंगावर उलटतात : तोंड लाल होते, छाती धडधडते, रक्तदाब पडतो. वाईनच्या बागेतल्या मजुराला ही सूचना कोण देतो आणि हातमोजे कोण पुरवतो, हा निकष बागायतदाराच्या गुणपत्रिकेत असलाच पाहिजे. टोळीचा सन्मान मात्र टोळीलाच द्यावा. एकट्या मुकादमाच्या हाती स्मृतिचिन्ह गेले तर ते त्याच्याच भिंतीवर लागणार.

सेलरमधला, म्हणजे वायनरीत टाक्यांपाशी वाईन घडवणारा माणूस तर कोणालाच दिसत नाही. पांढऱ्या वाईनची तोडणी पहाटे डोक्याला बॅटरी लावून होते, क्रेट सकाळी नऊ-दहाच्या आत क्रशरला लागावे लागतात. दुपारी आलेला माल तीस अंशांवर असतो. रस तपकिरी पडतो, रानटी यीस्ट आधीच कामाला लागलेले असते. पुढे पांढरा रस 12 ते 16 अंशांवर आंबवायचा आणि तांबडा 24 ते 28 वर. रात्री दोनला वीज गेली, जनरेटर सुरू व्हायला उशीर झाला आणि टाकी 32-33 वर गेली की यीस्ट दमते, साखर अर्धवट राहते. अडकलेली टाकी पुन्हा चालू करणे हे नव्याने वाईन करण्यापेक्षा अवघड. कुजक्या अंड्याचा वास आला की नायट्रोजन कमी पडला हे ओळखून वेळेत डीएपी (यीस्टला नायट्रोजन पुरवणारे डायअमोनियम फॉस्फेट) देणारा, तांबड्या वाईनची वर आलेली साल दर चार-सहा तासांनी न चुकता खाली दाबणारा माणूस हा विंचूर-दिंडोरीकडचाच असतो. परदेशी सल्लागार हंगामात येतो आणि जातो. एक टन द्राक्षातून सहाशे ते सातशे लिटर वाईन निघते. एका रात्रीच्या हलगर्जीपणात दहा टनांची टाकी गेली, म्हणजे किती बाटल्या गेल्या ते पाहा.

रिकाम्या टाकीत कार्बन डायऑक्साइड तळाशी साचून राहतो. ऑक्सिजन मोजल्याशिवाय आणि 19.5 टक्क्यांच्या खाली असताना आत उतरायचे नाही. हवा खेळवायची, कमरेला दोर बांधायचा आणि दुसरा माणूस झाकणापाशी उभा ठेवायचा. ज्या वायनरीत ही शिस्त लेखी नाही, तिथल्या कोणालाही सन्मानाच्या यादीत घेऊ नये, मालकाला तर नाहीच.

आता जुन्या नावांबद्दल. 1925 च्या सुमारास ओझरला रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी द्राक्ष लावले. नाशिकचे द्राक्ष तिथून मोजतात. 1980 च्या दशकात नारायणगावजवळ श्याम चौगुले यांनी शॅम्पेनच्या पद्धतीने बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली फसफसणारी वाईन काढली आणि ती ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशी पाठवली. पिंपळगाव बसवंतलाही सहकारी तत्त्वावर फसफसणाऱ्या वाईनचा प्रयोग झाला. हे दोन्ही उद्योग पुढे टिकले नाहीत. तरीही नावे यादीत असावीत, असे आमचे मत आहे. बाटलीत दुसरे आंबवण करायचे, तळाशी बसलेले यीस्ट बाटली फिरवत मानेत उतरवायचे, मान गोठवून ते बाहेर फेकायचे, हे या राज्यात आधी त्यांनी केले. राजकीय नेत्यांना मात्र या यादीत जागा नको. धोरण काढणे हे त्यांचे कामच होते.

2008-09 चा विषय टाळून हा सन्मान होऊ शकत नाही. जगभर मंदी, त्यात मुंबईवरचा हल्ला. हॉटेलांचा धंदा बसला, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या आणि करार असूनही अनेकांचा माल उचलला गेला नाही. सॉव्हिन्यॉनचा मणी लहान, बियांचा, घड गच्च. तो बाजार समितीत विकला जात नाही आणि बेदाण्यालाही चालत नाही. लोकांनी बागा तोडल्या किंवा त्याच खुंटावर खाण्याच्या जातीचे कलम चढवले. त्यातूनही ज्यांनी वाईनची बाग राखली, त्यांच्यामुळे पुढच्या तेजीत वायनऱ्यांना माल मिळाला. त्यांची स्वतंत्र नोंद व्हावी.

ती करायची कशी? सातबाऱ्याच्या पीकपाहणीत ‘द्राक्ष’ एवढेच असते. वाईनचे की खाण्याचे ते कळत नाही. म्हणून पुरावा म्हणून वायनरीशी झालेला करारनामा, रोपांची बिले, बँकेच्या कर्जाची कागदपत्रे आणि काटापावत्या धराव्यात. यांपैकी कोणतेही दोन पुरेसे मानावेत, कारण चारही कोणाकडेच सापडणार नाहीत. वायनरीत किती माल आला याची नोंद राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे द्यावी लागते. त्या नोंदींशी ताळा घालण्यासाठी आपण त्या खात्याला पत्र द्यावे. पहिल्या पिढीतले बागायतदार आता साठी-सत्तरीत आहेत. पत्र्याच्या पेटीतल्या पावत्यांना वाळवी लागायच्या आत हे व्हायला हवे.

सन्मानासोबत काय द्यायचे? शाल-श्रीफळ द्या, हरकत नाही. पण खाण्याच्या द्राक्षात शेतकऱ्याचा खरा मान त्याच्या निवडीतून झाला आहे : बोरगावच्या वसंतराव आर्वे यांची तास-ए-गणेश, नान्नजच्या नानासाहेब काळे यांची सोनाका. वाईनमध्ये असे काही झालेले नाही. सुरुवातीच्या लागणीचे गट आता वयामुळे आणि विषाणूंमुळे एकेक करून उपटले जात आहेत. त्यांतल्या निरोगी, नेमका माल देणाऱ्या वेली तीन हंगाम खुणा करून तपासाव्यात, छाटणीच्या वेळी काड्या घ्याव्यात, लीफरोल विषाणूची चाचणी करून 110 आर वर कलम करावे आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या मदतीने प्रत्येक निवडीच्या किमान पंचवीस वेली राखाव्यात. त्या निवडीला शेतकऱ्याचे किंवा गावाचे नाव द्यावे. खर्च फार नाही. समारंभाच्या मांडवाहून कमीच येईल.

समारंभाबद्दल एवढेच : कोणत्याही वायनरीचे प्रायोजकत्व घेऊ नका, व्यासपीठावर बाटली ठेवू नका, चाखणीचा कार्यक्रम तर मुळीच नको. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायच्या निर्णयावर केवढा गदारोळ झाला, हे आपल्याला ठाऊक आहे. शेती आणि कारागिरीचा सन्मान दारूच्या जाहिरातीसारखा दिसला की सोहळा त्याच दिवशी संपेल आणि टीकेचे धनी मजूर होतील. निवड समितीत कृषी विद्यापीठाचा एक, संशोधन केंद्राचा एक, बागायतदारांचे दोन आणि सेलर कामगारांचे दोन प्रतिनिधी असावेत. वायनरी मालकाला मत नसावे, फक्त माहिती विचारावी.

वेळापत्रकही पिकाप्रमाणे हवे. समितीने बागा जानेवारीत पाहाव्यात, घड वेलीवर असताना. सेलर फेब्रुवारीत, क्रशिंग चालू असताना. सप्टेंबर-ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये कोणालाही बोलावू नये, तेव्हा कात्री हातात असते. समारंभ जुलैत, नाशिकलाच घ्यावा. येत्या हंगामात हे बसवायचे तर शासन निर्णय ऑगस्टअखेर निघाला पाहिजे, म्हणजे गोडी छाटणी उरकून नोव्हेंबरमध्ये ग्रामपंचायतींमार्फत नावे मागवता येतील. अर्ज ऑनलाइनच नकोत. टोळीतल्या बाईला तो भरता येणार नाही. तलाठी किंवा कृषी सहायकाने जागेवर लिहून घ्यावा.

आपले,
नाशिक जिल्ह्यातील वाईन द्राक्ष उत्पादक आणि सेलर कामगार