शनिवारचं गरम जेवण कोण करेल?

महोदय,

अमेरिकेतील मराठी मंडळांच्या गणेशोत्सवाबद्दल आपल्या अंकात वाचलं. त्या मंडळांना माझी एक कळकळीची विनंती आहे.

मी मूळची ठाण्याची, बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. सध्या न्यू जर्सीत मुलीकडे असते. आमच्या सिनेगॉगतर्फे, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरातर्फे, आम्ही बेघर कुटुंबांसाठी स्वयंपाक करतो. याच राज्यात १९८६ मध्ये कॅरन ओल्सन यांनी चर्च आणि सिनेगॉग यांना एकत्र आणून अशा कुटुंबांच्या निवाऱ्याची आणि जेवणाची जबाबदारी पाळीपाळीने वाटून दिली. ‘फॅमिली प्रॉमिस’ नावाने ते काम आज अमेरिकाभर चालतं. आमच्या गावातही संध्याकाळच्या जेवणाचे वार असेच वाटून घेतले आहेत.

बेघर म्हणजे फुटपाथवर झोपणारा, एवढंच नसतं. आमच्याकडे येणारी एक आई दुकानात दिवसभर उभी असते. भाडं थकलं म्हणून घर गेलं. मुलगा टेबलावरच गृहपाठ उरकतो आणि ती हळूच विचारते, उद्याच्या डब्यापुरतं उरेल का? आता आम्ही तिचा डबा आधीच भरून ठेवतो.

सिनेगॉगचं स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे आहारनियम पाळणारं, त्यामुळे चिकनमध्ये दही-दूध चालत नाही. आम्हा बेने इस्रायलींच्या कालवणात नारळाचं दूधच असतं. ते कालवण आणि भात मुलं पुन्हा मागून घेतात.

अडतं ते शनिवारी. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत आमचा शब्बाथ, म्हणजे धर्माने सांगितलेला विश्रांतीचा दिवस; तेव्हा आमच्याकडे चूल पेटत नाही. मग शुक्रवारी करून ठेवलेली सँडविच दिली जातात. जानेवारीच्या बर्फात लहान मुलांनी गार पाव खायचा, हे मला बघवत नाही.

ख्रिस्ती स्वयंसेवकांना नाताळ घरी करता यावा म्हणून इथे कितीतरी ज्यू मंडळी २५ डिसेंबरची पाळी आपणहून घेतात. तसा आमचा शनिवार मराठी मंडळांनी घ्यावा. शे-दोनशे पानांचा स्वयंपाक करणारे हात त्यांच्याकडे आहेत. सणासुदीच्या अन्नदानाचा मला आदरच आहे, पण त्या आईला डबा दर आठवड्याला लागतो.

दिवाळीतली तुमची पाळी आम्ही करू. ज्यांची मुलं-सुना इकडे आहेत, त्यांनी हे त्यांच्या कानावर जरूर घालावं. साधा वरणभात आणि एखादी भाजी पुरे; तिखट मात्र बेतानं घाला, खाणारी बहुतेक मुलंच असतात.

– एक वाचक, ठाणे (सध्या न्यू जर्सी)