‘तांत्रिक बिघाड’ म्हणजे नेमके काय, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘तांत्रिक बिघाडामुळे औष्णिक केंद्रातील संच बंद’ अशी बातमी उन्हाळ्यात हमखास येते. बिघाड कसला, हे मात्र त्यात क्वचितच असते. कोळशावरचा संच अचानक बंद पडण्यामागे सर्वाधिक वेळा एकच कारण निघते, ते म्हणजे बॉयलरची नळी फुटणे. केंद्रात याला ‘बीटीएल’, म्हणजे बॉयलर ट्यूब लिकेज म्हणतात.

चंद्रपूरला 500 मेगावॉटचे पाच संच आहेत. असा एक संच पूर्ण भाराने चालला की दिवसाला सुमारे 8 हजार टन कोळसा लागतो, म्हणजे मालगाडीचे दोन रेक. मिलमध्ये त्याची तोंडाला लावायच्या पावडरीइतकी बारीक भुकटी होते आणि ती गरम हवेच्या झोताबरोबर भट्टीत जाते. भट्टीच्या चारही भिंती शेजारी शेजारी जोडलेल्या नळ्यांच्याच असतात. त्यांतल्या पाण्याची वाफ होते, ती सुपरहीटरमध्ये आणखी तापते आणि 540 अंश तापमानाला, चौरस सेंटिमीटरला 170 किलो दाबाने टर्बाइनवर जाते. टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेते, त्याच दांड्यावर जनरेटर असतो. हा सगळा दाब पेलते ती साधारण दोन इंच व्यासाची, पाच-सहा मिलिमीटर जाडीची नळी.

आता राखेचे बघा. आपल्या कोळशात 35 ते 40 टक्के राख असते आणि तिच्यात गारगोटीचे कठीण कण असतात. भट्टीच्या तळाशी पडते ती थोडी. दिवसाला अडीच हजार टनांच्या आसपास राख धुरातून उडत सुपरहीटर, रीहीटर (टर्बाइनमधून आलेली वाफ पुन्हा तापवणारा) आणि इकॉनॉमायझर (बॉयलरमध्ये जाणारे पाणी धुराच्या उष्णतेने आधी तापवणारा) यांच्या नळ्या घासत पुढे जाते. धुराचा वेग दुप्पट झाला तर झीज साधारण आठपट होते. कोळसा हलका आला की तेवढ्याच विजेसाठी तो जास्त जाळावा लागतो. मग राखही वाढते आणि धुराचा वेगही. निकृष्ट कोळशाचा फटका असा दुहेरी बसतो. इकॉनॉमायझरच्या नळ्यांचे बाक आणि भिंत यांच्यातल्या फटीत वेग सर्वात जास्त, म्हणून नळी बहुधा तिथेच पातळ होते.

दुसरे कारण अलीकडे वाढले आहे. दुपारी सौर वीज भरपूर असल्याने संचांना भार 55 टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागतो आणि संध्याकाळी झपाट्याने चढवावा लागतो. रोजच्या या गरम-थंड होण्याने नळ्या हेडरला, म्हणजे त्या एकत्र येतात त्या जाड नळाला, जोडलेल्या जागी वेल्डिंगला तडे जातात. पाण्याची शुद्धता बिघडून नळीला आतून क्षार धरणे, हे तिसरे.

गळतीची चाहूल आधी लागते. डीएम, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याची भर अचानक वाढते, धूर चिमणीकडे ओढणारा आयडी फॅन जास्त करंट घेऊ लागतो, बॉयलरजवळ फुसफुस ऐकू येते. अशा वेळी ‘आजची मागणी भागवू, उद्या बंद करू’ हा मोह महागात पडतो. फुटलेल्या नळीतून सुटणारा वाफेचा झोत शेजारच्या नळ्या कापतो आणि एका नळीच्या जागी दहा बदलाव्या लागतात.

संच बंद केल्यावर लगेच आत जाता येत नाही. पंखे चालू ठेवून भट्टी थंड करण्यातच जवळपास एक दिवस जातो. मग आत उभे राहायला पाळणा किंवा पहाड लावायचा, फुटलेला तुकडा कापायचा, नवा आर्गॉन वेल्डिंगने जोडायचा, जोडाचा एक्स-रे घ्यायचा आणि बॉयलर पाण्याने भरून दाबाची चाचणी करायची. त्यानंतर तेलावर भट्टी पेटवून हळूहळू तापमान चढवायचे. घाई केली तर टर्बाइनचा रोटर (फिरता भाग) आणि बॉयलरचा ड्रम (पाणी आणि वाफ वेगळे होतात ती जाड टाकी) यांना धोका असतो. साठ तास गेले तर 3 कोटी युनिट वीज बुडते, तेलाचा खर्च वेगळा.

यातली बरीच गळती टाळता येते. वार्षिक देखभालीत अल्ट्रासॉनिक यंत्राने नळ्यांची जाडी मोजतात, झिजलेल्या बदलतात, फटींवर आडोसे बसवतात. आपल्याकडे पावसाळ्यात मागणी घटते तेव्हा ही कामे काढतात. मागणीच्या नावाखाली ती पुढे ढकलली की पातळ झालेली नळी ऐन एप्रिल-मेमध्ये फुटते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरण बंद संचांची यादी रोज कारणासकट प्रसिद्ध करते. वार्ताहरांनी ती पाहावी. बातमीत संच क्रमांक आणि नळी बॉयलरच्या कोणत्या भागातली, हे द्यावे. आणि त्या संचाची शेवटची वार्षिक देखभाल कधी झाली, ती पुढे ढकलली होती का, हे केंद्राच्या मुख्य अभियंत्यांना विचारून छापावे.

आपला,
बॉयलर देखभाल विभागातील एक निवृत्त अभियंता, चंद्रपूर