चित्र विकले, प्रतींचा हक्क नव्हे

विकलेल्या मूळ चित्राच्या कॅनव्हासवर छापलेल्या प्रती बाजारात आल्यावरून ठाण्यातील संग्राहक आणि चित्रकारात झालेल्या वादाची बातमी वाचली. तिच्यात चित्रकाराला सरसकट दोषी धरले आहे, ते पटत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तयार चित्र घेणाऱ्याच्या मालकीचा होतो तो कॅनव्हास; प्रती काढण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. तो द्यायचा तर कलम १९प्रमाणे सहीनिशी लेखी करार लागतो. मात्र मोबदला देऊन खास काढून घेतलेल्या चित्राबाबत, वेगळा करार नसल्यास, कलम १७ हा हक्क चित्र काढून घेणाऱ्याला देते. हे चित्र यांपैकी कोणते, हेच बातमीत नाही!

संग्राहकांची फसवणुकीची भीती मात्र रास्त आहे. इंकजेटने कॅनव्हासवर छापून वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारले की प्रत भिंतीवर अस्सल वाटते. दहापट भिंगाखाली शाईचे बारीक ठिपके दिसतात आणि जेलचे उंचवटे खालच्या रंगाच्या फटकाऱ्यांशी जुळत नाहीत. सहीवर विसंबू नये, तीही छापून येते. पावतीवर माध्यम, माप, वर्ष आणि 'एकमेव' की 'प्रत ३/२५' (पंचवीसपैकी तिसरी) हे लिहून घ्यावे. पंचवीसच प्रती काढू असे सांगून पुढे माप बदलून आणखी छापणे हा उघड विश्वासघात आहे. तिथे आम्ही चित्रकाराची बाजू घेणार नाही. म्हणून प्रतींच्या संख्येसोबत 'कोणत्याही मापात' हे दोन शब्द पावतीवर हवेतच.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे