मोडीतला कागद वारसाने वाचायचा कसा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महार वतनाच्या, म्हणजे गावच्या आणि सरकारी चाकरीपोटी महारांना मिळालेल्या जमिनींवरची परवाची बातमी वाचली आणि कालचा दिवस अस्वस्थ गेला. ‘वारसांनी हक्काचे कागद सादर करावेत’ एवढे लिहून तुमचे प्रतिनिधी मोकळे झाले. अहो, कागद आमच्या घरात नाहीत. ते सरकारच्याच रेकॉर्डरूममध्ये आहेत, तेही जुन्या मोडी लिपीत.

वतने रद्द करणाऱ्या 1958च्या कायद्याप्रमाणे जमीन परत नावावर व्हावी म्हणून आजोबांनी आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या साऱ्याच्या, तिप्पट रक्कम भरली होती. पावती आजीच्या ट्रंकेत सापडली. घडीवर फाटलेली, पण शिक्का स्पष्ट. ती घेऊन तालुक्याला गेलो, तर कारकून म्हणाले, “रक्कम भरली हे ठीक, पण यात तुमचा हिस्सा कोणता?” जुन्या कागदावर नावच होते ‘समस्त महार’. मग नकलांचे अर्ज, हेलपाटे आणि शेवटी मोडी वाचणाऱ्याचा शोध. 17 पाने, पानाला 500 रुपये. ते गृहस्थ प्रामाणिक होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण रोजाने जाणाऱ्या भावकीकडून वर्गणी काढून हे पैसे उभे केले. चौदाव्या पानावर पणजोबांचे नाव निघाले. 80 वर्षांचे माझे चुलते त्या ओळीवरून बोट फिरवत राहिले. त्यांना त्यातले एक अक्षर लागत नव्हते.

ड्रोनने गावठाणे मोजायला पैसा आहे, जुने अभिलेख स्कॅन करायलाही आहे. पण स्कॅन केलेली मोडी मोडीच राहते. प्रत्येक तालुक्याला एक मोडी वाचक आणि वतनाचे फेरफार जाणणारा एक वकील सरकारी पगारावर द्या. ही मेहेरबानी नव्हे. आमच्या वाडवडिलांनी रात्री-अपरात्री सरकारी टपाल वाहिले, हाकारे घातले. या वेठीतून सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले होते. जमीन त्या राबण्याची आहे.

आणखी एक. जमीन विक्रीच्या जाहीर नोटिसा तुम्ही आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापता. आमच्या गटाची नोटीस तशीच निघाली, हरकतीला 14 दिवस. गावात तुमचा एकच अंक येतो, तो ग्रामपंचायतीत. आम्हाला कळले तेव्हा मुदत संपून आठवडा झाला होता. निदान गावाचे नाव आणि गट नंबर तरी ठळक छापत जा.

आपला,
एक वतनदार वारस, जि. सातारा