दादा, तुम्ही खुर्चीवर बसला नाहीत

दादा, नमस्कार.

वाचनालयातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तुम्ही लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टम, बसवून दिलंत. तोंडी आभार मानले, पण तेवढ्यानं मन भरलं नाही, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

तुमच्या आधी एकजण म्हणाला, विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, ११ यावर चालत नाही, भंगारात घाला. दुसऱ्यानं विंडोजच्या जोडीला स्वतःच्या आवडीचं आर्च, म्हणजे लिनक्सचाच दुसरा प्रकार, टाकलं. आर्च वाईट नाही, पण त्यात एकेक गोष्ट आपणच जोडायची असते, अपडेटआधी सूचना वाचाव्या लागतात. ते ग्रंथपाल ताईंच्या गळ्यात मारून तो फोन उचलेनासा झाला.

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, "यावर बसणार कोण, आणि करणार काय?" रॅम ४ जीबी, म्हणून मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घेतलीत. ८ जीबी असती तर त्याहून जड सिनॅमन, असंही सांगितलंत. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, विंडोजची सवय असलेला माणूस बावरत नाही. आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

काही बसवण्याआधी पेनड्राइव्हवरूनच सुरू करून वाय-फाय, प्रिंटर, आवाज, मराठी टायपिंग तपासलंत. त्यातल्या ब्रॉडकॉम कंपनीच्या वाय-फायला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्राम, लागला. तो मोबाइलचं नेट यूएसबीनं जोडून मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून घेतलात. सगळ्यात मोलाचं म्हणजे श्री-लिपी या जुन्या मराठी फॉन्टमधली पत्रं. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली, फॉन्ट नसला की नुसती गिचमिड दिसते. विंडोज असतानाच त्यांच्या पीडीएफ काढल्यात, मग एसएसडी, म्हणजे वेगवान नवी डिस्क, लावलीत, आणि जुनी हार्डडिस्क न पुसता कपाटात ठेवलीत. आपल्याकडं लाइट कधी जाईल नेम नाही, म्हणून अपडेट इन्व्हर्टर चालू असतानाच, आणि त्याआधी टाइमशिफ्ट या प्रोग्रामनं सिस्टमची नोंद घ्यायची. टाइमशिफ्टनं सिस्टम मागं नेता येते, आपल्या फाइली नाही, त्यांची वेगळी कॉपी ठेवा, हेही दोनदा बजावलंत.

पण दादा, खरं सांगायचं ते वेगळंच आहे. या सगळ्यात तुम्ही खुर्चीवर बसलाच नाहीत. ताईंना बसवलंत, माउस त्यांच्या हातात दिलात, आणि मागं हात बांधून उभे राहिलात. ताई अडखळल्या तरी तुमचा हात पुढं आला नाही. "डावीकडं बघा ताई, सापडंल," एवढंच. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर 'ज्ञ' उमटेपर्यंत तुम्ही थांबलात. जाणकार माणसं लातूरला पुष्कळ आहेत, पण समोरच्याला लाज न वाटू देता शिकवणारा माणूस भेटला की जीव हलका होतो. आता ताई पोरांना तसंच शिकवतात, मागं उभ्या राहून.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतावर या. भज्जी-आंबील आमच्याकडं. येताना ती पेनड्राइव्ह तेवढी आणा, शेजारच्या गावच्या वाचनालयानं विचारलंय.